विहिरीची गोष्ट कुठवर सांगायची

मी गाव सोडलं त्या सकाळी तिसगावच्या फाट्यावर आमची अख्खी वस्ती जमली होती. पाथर्डी तालुक्यात गाव सोडण्याचं कुणाला नवल नाही. दिवाळीच्या आगेमागे ट्रकमध्ये भांडीकुंडी, पोरंसोरं, एखादी शेळी भरून माणसं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांना पोचवायला फाट्यावर कोणी येत नाही, कारण पोचवायला येणारेही दुसऱ्या ट्रकमध्ये बसलेले असतात. पण मी जर्मनीला निघाले होते, नर्स म्हणून. आमच्या वस्तीतून विमानात बसणारी मी पहिली, म्हणून त्या दिवशी कोणी खुरपायला गेलं नव्हतं. बायांनी गळ्यात एवढे हार घातले की माझी मान वळेना. मोबाईलवर फोटो काढून घेण्यासाठी पोरं रांग लावून उभी होती.

माझी मुलगी मैत्री तेव्हा दोन वर्षांची होती. ती माझ्या आईच्या कडेवर होती. तिकडे घर मिळेपर्यंत आणि कागदपत्रं होईपर्यंत तिला गावीच ठेवायचं ठरलं होतं. माझा नवरा विकास नगरच्या एमआयडीसीत कामाला होता, तो दर सुट्टीला येऊन तिला भेटणार होता. मैत्री हारातली फुलं तोडून खात होती आणि आई ती तिच्या तोंडातून काढत होती. आई आमच्या वस्तीच्या अंगणवाडीत सेविका. ती मला म्हणाली, "पोरीची काळजी करू नको. वस्तीतली समदी पोरं मीच बोलती केली, हिलाबी करीन." ती रडली नाही. तिच्याकडे बघून मीही रडले नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाडी वेळेवर सुटली पाहिजे ही सवय त्यांची गेलेली नाही. त्यांनी माझी बॅग जीपच्या टपावर स्वतः बांधली, दोर दोनदा ओढून बघितला आणि एवढंच म्हणाले, "मागचं आरशात बघायचं. मान वळवायची न्हाई." जीप निघाली. मी मान वळवली नाही, पण आरसाही ड्रायव्हरच्या बाजूला होता. मला काहीच दिसलं नाही.

माझ्या ओळखीच्या माणसांनो, तुमच्यातले जे गावाकडंच राहिले त्यांना वाटत असेल की परदेशात पहिलं वर्ष एकटेपणाचं जातं. खरं सांगायचं तर ते दमणुकीचं जातं. मी ज्या हॉस्पिटलात लागले तिथं वयस्कर माणसांचा वॉर्ड मला मिळाला. सकाळी अंधारात निघायचं आणि अंधारातच परत यायचं. म्हाताऱ्या बाया माझं व्याकरण दुरुस्त करायच्या आणि मी त्यांच्या उशा. एक आजीबाई रोज विचारायची, तुझ्या गावात नदी आहे का. मी म्हणायचे ओढा आहे, पावसाळ्यात. जर्मन भाषेत ओढ्याला शब्द आहे, पण 'पावसाळ्यात' हे तिला कळायचं नाही. पाणी वर्षभर वाहत नाही म्हणजे काय, हे मी तिला बरेच दिवस समजावत होते.

वर्ष उलटून गेल्यावर विकास मैत्रीला घेऊन आला. विमानतळावर तिनं माझ्याकडे बघितलं, मग विकासच्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं. तिची आई इतके दिवस त्या मोबाईलमध्ये राहत होती. दोघींतली खरी कुठली हे ठरवायला तिला आठवडाभर लागला, आणि तो आठवडा माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब होता. मग एका सकाळी तिनं माझ्या पांघरुणात पाय घातले आणि म्हणाली, "मला भूक लागली हाय." आईनं शब्द पाळला होता. पोर बोलती झाली होती, आणि आमच्या वस्तीच्या बोलीत बोलत होती.

आता ती सात वर्षांची आहे. घरात 'हाय' आणि 'न्हाई', शाळेत जर्मन, आणि दोन्हीकडे तिचा आवडता शब्द एकच: 'वारुम', म्हणजे का. तिला वाचता यायला लागलं तेव्हा रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय ती पुढं जायची नाही. आमच्या घराजवळच्या बेकरीसमोर फुटपाथमध्ये तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले आहेत. मी त्यांच्यावरून इतकी वर्षं चालत होते. मैत्री एके दिवशी खाली बसली आणि वाचायला लागली. आईचं नाव, वडलांचं नाव, एका मुलीचं नाव, जन्माचं साल, मरणाचं साल. या घरात राहत होते. इथून नेलं. मारलं.

ते नाझींनी मारलेलं ज्यू कुटुंब होतं. तिनं मुलीच्या मरणाच्या सालातून जन्माचं साल वजा करून बघितलं. नुकतंच वजाबाकी शिकली होती. मग तिनं विचारलं, वारुम.

मी नर्स आहे. मरण कसं सांगायचं हे मला शिकवलेलं आहे. पण हे मरण तसलं नव्हतं. मी म्हणाले, शाळेत बाईंना विचारू. दुसऱ्या दिवशी मी खरंच तिच्या वर्गशिक्षिकेला भेटले आणि तिला विचारलं की एवढ्या लहान पोरांना तुम्ही हे सगळं सांगता का. ती माझ्याहून लहान होती वयानं. ती म्हणाली, सगळं नाही सांगत. ते लोक होते, आपले शेजारी होते, त्यांच्यावर अन्याय झाला आणि तो आपल्याच माणसांनी केला, एवढं सांगतो. कसं मारलं ते मोठ्या वर्गात. पण ते आपणहून निघून गेले, असं मात्र आम्ही पोरांना कधीच सांगत नाही.

मग मी मैत्रीला घेऊन घरी निघाले. बाईंनी तिच्याशीही बोलून घेतलं होतं. तिच्या बाईंनी तिला दिलेलं उत्तर तिला पुरलं होतं आणि ती आता पुढच्या प्रश्नावर गेली होती. तिनं विचारलं, "आपल्या गावात कुनी कुनावर अन्याय केला का?"

ज्यांना आमची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे आजोबा, तात्या, यांनी वस्तीबरोबर धम्म घेतला आणि त्यानंतर काही वर्षांनी गावकीची कामं बंद केली. मेलेली गुरं ओढायची नाहीत, मयताचे सांगावे घेऊन गावोगाव पळायचं नाही, शिळं मागायचं नाही. गावानं उत्तर दिलं. दुकानात मीठ मिळेना, गिरणीत दळण घेईनात, शेतावर कामाला बोलावेनात. आणि पाणी बंद झालं. त्याआधीही आमच्या बायांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. त्या लांब उभ्या राहायच्या आणि कोणाला दया आली तर वरून घागरीत पाणी ओतलं जायचं. ते ओतणंही थांबलं. तेव्हा वस्तीनं आपल्या वाट्याच्या मुरमाड पट्टीत विहीर खणली.

मला ही गोष्ट माझ्या आईनं उलटी सांगितली होती. शेवट तर मी डोळ्यांनीच बघितला, मागचं ती नंतर सांगत गेली. मी शाळेत होते तेव्हा दुष्काळ पडला, गावची विहीर तळाला गेली आणि टँकर येईना. आमच्या विहिरीला मात्र पाणी होतं. गावातल्या बाया हंडे घेऊन वस्तीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या आत येईनात आणि परतही जाईनात. वस्तीतली तरणी पोरं म्हणाली, द्यायचं नाही, आता कळू द्या. तात्या तेव्हा काठी टेकत चालायचे. ते विहिरीवर गेले आणि म्हणाले, "पानी अडवायचं आपल्याला येत न्हाई. ते काम आपन शिकायचंबी न्हाई." मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. माझ्या वर्गातल्या मुली त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर आल्या, आणि मी मालकिणीसारखी काठावर बसून होते. आईनं मला त्या वयात फक्त एवढंच सांगितलं की ही विहीर आपल्या माणसांनी खणलेली आहे. का खणली हे मी विचारलं तेव्हा थोडं सांगितलं, पुन्हा विचारलं तेव्हा आणखी थोडं. सगळ्यात शेवटचं तिनं मी नर्सिंगला गेल्यावर सांगितलं. तिचं म्हणणं असं, की पोराला कमी सांगितलं तरी चालंल, खोटं न्हाई सांगायचं.

विकासचं म्हणणं वेगळं होतं. तो नगरमध्ये वाढला. शाळेत एका मास्तरानं भर वर्गात त्याला उभं करून जात सांगायला लावली होती, आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा बाकावरचा सोबती दुसरीकडे बसायला गेला होता. तो मला म्हणाला, मैत्रीला तो शब्दच माहीत नाही. ती वर्गात शिरते तेव्हा मान ताठ असते, कारण ती वाकवायची असते हे तिला कोणी सांगितलेलं नाही. एक पिढी तरी ते ओझं न घेता वाढू दे. आपण इतक्या लांब कशासाठी आलो?

त्याच्यावर मला राग आला नाही. तो जे म्हणत होता ते मलाही हवं होतं. पण मी त्याला म्हणाले की तिला आपण नाही सांगितलं तर दुसरं कोणीतरी सांगेल, आणि ते विहिरीपासून सुरुवात करणार नाही. आम्ही बराच काळ यावर अडून राहिलो. शेवटी ठरलं की गावी जातोच आहोत, अण्णांना विचारू.

अण्णांना विचारायची वेळच आली नाही. गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्री विहिरीच्या कठड्यावर हात टेकून उभी होती. आता वर लोखंडी जाळी आहे आणि मोटार बसवलेली आहे. अण्णा मोटार सुरू करायला आले होते. तिनं त्यांना विचारलं, "आजोबा, देवळापाशी येवढी मोठी विहीर हाय. मग ही का खनली?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. विकास थोडा लांब उभा होता, तो आणखी लांब गेला नाही.

अण्णा विहिरीच्या दगडावर बसले आणि त्यांनी मैत्रीला समोर बसवलं. ते म्हणाले, मी तेव्हा तुझ्याएवढा होतो. मग त्यांनी सांगितलं. गावातली काही माणसं समजायची की आपण त्यांच्याहून कमी आहोत, आणि ते चुकीचं होतं. तिच्या पणजोबांनी सांगितलं की आम्ही कमी नाही, म्हणून त्या माणसांनी पाणी बंद केलं. तेव्हा आपल्या गड्यांनी पहारी आणि घण घेऊन खडक फोडला. बायांनी टोपल्यांनी राडारोडा वर काढला. पोरांचं काम होतं ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी गोळा करून खणणाऱ्यांना पाजायचं. उन्हाळा सरत आला आणि झिराही आटला. लोक म्हणायला लागले इथं पाणी लागणार नाही. पाथर्डीकडून सुरुंग लावणारा एक मुसलमान गडी बोलावला होता. त्याला गावानं सांगितलं, तिकडं जाऊ नको. तो आला. त्यानं दोन वेळा सुरुंग लावला, आणि दुसऱ्या वेळी धूर खाली बसला तेव्हा तळाचा दगड ओला दिसला.

"ओला दगड दिसला आन् तुझी पनजी खाली उतरली," अण्णा म्हणाले. "तिनं त्या दगडाला गाल लावला."

मैत्रीनं विचारलं, पाणी बंद करणारी माणसं वाईट होती का. अण्णा म्हणाले, त्यांनी वाईट काम केलं. सगळ्यांना ते आवडलं असेल असं नाही, पण कोणी बोललं नाही. तिनं आणखी विचारलं नाही. अण्णांनी मोटार सुरू केली, आणि पाइपातून पाणी आलं तेव्हा तिनं दोन्ही हात त्यात धरले.

मी विकासकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते, पण तो म्हणाला एवढंच की बस, इतकंच.

इतकंच राहिलं नाही. वस्तीच्या अंगणवाडीत गावातलीही मुलं येतात, आणि सुट्टीत आईच्या भोवती मोठी मुलंही जमतात. तिथं मैत्रीची श्रावणीशी ओळख झाली. श्रावणी गावातल्या जुन्या पाटलांच्या घरातली, मैत्रीच्याच वयाची. दोघींची एकाच दुपारी घट्ट मैत्री झाली. श्रावणी तिला सायकल शिकवत होती, आणि मैत्री तिला जर्मन आकडे. आणि मग दोन दिवसांनी सायकल चालवता चालवता मैत्रीनं तिला विचारलं की तुझ्या पणजोबांनी आमच्या पणजीचं पाणी बंद केलं होतं का.

हे मला आईकडून कळलं. श्रावणी रडत घरी गेली होती. अनेक वर्षांनी गावात आणि वस्तीत सरळ बोलणं चालू झालं आहे, लग्नाला येणं-जाणं आहे, पोरं एका डब्यातून खातात. ते सगळं माझ्या पोरीच्या एका प्रश्नानं विस्कटतं की काय असं वाटलं. 'मी सांगितलं होतं ना' असं विकास म्हणाला नाही. तो नुसता दारात उभा राहून गावाच्या रस्त्याकडे बघत राहिला. मैत्रीला कळेना काय झालं. ती म्हणाली, तिच्या पणजोबांचं तिला माहीत नव्हतं म्हणून विचारलं. शाळेत असंच विचारतात.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत श्रावणीची आजी आली. गावात तिला सगळे आक्का म्हणतात. ऐंशीच्या जवळ आलेली बाई, पाठ वाकलेली, पण काठी न घेता चालते. ती श्रावणीचा हात धरून वस्तीत आली, आणि आमच्या ओट्यावर बसली. अण्णा उठून उभे राहिले, तिनं त्यांना हातानं बसवलं. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. पोर लहान आहे, परदेशात वाढलीय, काय बोलावं कळत नाही.

आक्कानं माझ्याकडे बघितलंही नाही. ती अण्णांना म्हणाली, पोर रात्रीपासून विचारतीय. तिच्या बापानं, म्हणजे आक्काच्या मुलानं, सांगितलं की असलं काही झालंच नव्हतं, लोक काहीही बोलतात. पण पोरीला ते पटलं नाही आणि ती आजीकडे आली. आक्का म्हणाली, "मी तिला काय सांगू, डायव्हरसाहेब? तुमी सांगा."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. आई आत चुलीपाशी होती, तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. आक्कानं पदर सारखा केला आणि स्वतःच बोलायला लागली.

"मी नवी नवरी हुते. सासऱ्यानं सांगितलं हुतं, त्यांच्या बायांला पानी वाढायचं न्हाई. तुमची आई घागर घिऊन उभी हुती. उन लई हुतं. माझ्या हातात भरलेला पोहरा हुता."

पोहरा म्हणजे विहिरीतून पाणी शेंदायचं भांडं. तो भरलेला होता आणि तिच्या हातात होता.

"मी वाढलं न्हाई," आक्का म्हणाली. "हे मी माझ्या लेकराला कदी सांगितलं न्हाई. आता नात इचारती. मी सांगितलं तर ती माझ्याजवळ निजंल का?"

अण्णा म्हणजे एसटीत चाळीस माणसं बसवून घाट उतरणारा माणूस; मी त्यांना कधी घाईत बोलताना ऐकलेलं नाही. ते म्हणाले, "आक्का, थोडं सांगा, पन खरं सांगा. आन् तिला म्हना, तुझा ह्यात दोष न्हाई. माझ्या नातीला मी तेवढंच सांगितलंय."

आक्कानं श्रावणीला समोर घेतलं. मैत्रीही येऊन तिच्या शेजारी उभी राहिली, मी तिला मागं ओढलं नाही. आक्का दोघींना म्हणाली, की आमच्या घरानं यांचं पाणी बंद केलं होतं. ते चुकीचं होतं. यांनी मग स्वतःची विहीर खणली, आणि आमच्यावर वेळ आली तेव्हा त्याच विहिरीचं पाणी आम्हाला दिलं. ती दोघींना सांगत होती पण आवाज मोठा होता, आणि वस्तीतल्या चारदोन बाया कुडाआड थांबून ऐकत होत्या, हे तिला दिसत होतं. तिनं आवाज कमी केला नाही.

श्रावणी म्हणाली, "आजी, तू का न्हाई वाढलं?"

"भ्याले," आक्का म्हणाली.

श्रावणीनं तिच्याकडे बघितलं. नंतर ती आजीच्या मांडीला टेकून बसली. मैत्रीनं श्रावणीला विचारलं, सायकल आणलीस का. आणली होती. त्या दोघी गेल्या.

आई चहा घेऊन बाहेर आली. आक्का म्हणाली, चहा राहू दे, आधी पाणी दे. आईनं तांब्याभांडं आणलं. आक्का वरून तोंडात न ओतता भांडं ओठाला लावून प्यायली, पुन्हा मागितलं, पुन्हा प्यायली. आई नंतर मला म्हणाली की दुष्काळात आक्कानं या विहिरीचं पाणी नेलं होतं, पण आमच्या घरातल्या भांड्यानं ती पहिल्यांदाच प्यायली. आईच्या आवाजात त्या वेळी जे होतं त्याला मी अभिमानच म्हणेन. तिनं ते भांडं नेहमीसारखंच घासून पालथं घातलं.

आक्का गेल्यावर मी अण्णांच्या शेजारी बसले. एक गोष्ट त्यांनी मैत्रीला सांगितली नव्हती, आणि आक्कालाही नाही. त्यांना एक धाकटी बहीण होती, चंद्रा. त्या उन्हाळ्यात, विहिरीला पाणी लागायच्या आधी, झिऱ्याचं गढूळ पाणी पिऊन ती आजारी पडली. जुलाब सुरू झाले. तिला तालुक्याला न्यायला कोणी बैलगाडी दिली नाही. तात्या तिला खांद्यावर घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. मला हे आईनं मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सांगितलं होतं, कारण तेव्हा मी जुलाब झालेल्या मुलांच्या वॉर्डात होते, आणि मीठ-साखरेच्या पाण्यानं पोरं कशी उठून बसतात हे घरी येऊन कौतुकानं सांगत होते.

मी अण्णांना विचारलं, चंद्राचं का नाही सांगितलं. ते म्हणाले, मैत्री अजून लहान आहे. मग म्हणाले, "ती मोठी झाली की तू सांग. मला न्हाई यायचं ते सांगायला. मी चंद्राचा हात धरून तिला झिऱ्यावर न्यायचो."

अण्णा या विषयावर माझ्याशी पहिल्यांदाच बोलले, आणि बोलले ते माझ्या हातात देण्यासाठी. मी होय म्हणाले.

जर्मनीत परतल्यावर काही महिन्यांनी इथल्या मराठी माणसांचं स्नेहसंमेलन होतं. पुरणपोळ्या होत्या, लहान मुलांचे नाच होते. एक बाई आमच्याशेजारी बसल्या, गोड बोलणाऱ्या. गाव कुठलं, नगर जिल्ह्यात कुठं, आडनाव काय, म्हणजे मूळचे तुम्ही कोण, अशी त्यांची गाडी एकेक स्टेशन घेत पुढं सरकत होती. हे प्रश्न मला नवे नाहीत. तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांनाही नसतील. विकासनं ताट खाली ठेवलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मैत्री पोळीचा घास गिळून म्हणाली, "आमी विहीर खननारे. माझ्या पनजोबांनी खडक फोडून विहीर खनली आन् समद्या गावाला पानी दिलं. तुमच्या पनजोबांनी काय केलं?"

बाई हसल्या. मग त्यांना खरंच आठवेना की त्यांच्या पणजोबांनी काय केलं. त्या तसं प्रामाणिकपणे म्हणाल्या आणि मैत्रीला आणखी तूप वाढलं. घरी परत येताना ट्राममध्ये विकास खिडकीकडे तोंड करून हसत होता. खांदे हलत होते म्हणून कळलं. नंतर मला म्हणाला, ठीक आहे, पण पुढचं इतक्यात सांगू नकोस. मी म्हणाले, नाही सांगत. त्याचं आणि माझं पूर्ण एकमत अजून झालेलं नाही, आणि ते व्हावंच असं मला वाटत नाही. तो थांबवणारा आहे म्हणून मी जपून बोलते.

तुमच्यापैकी अनेक जण मला फोनवर विचारतात, तिकडंच राहणार का, घर घेतलंस का, गाव आठवतं का. घर घेतलं आहे, छोटं आहे, बाल्कनीत मेथी लावली आहे. गाव आठवतं, पण पूर्वी आठवायचं तसं नाही. पूर्वी गाव म्हणजे मी जिथून निघाले ती जागा वाटायची. आता मला वाटतं, ज्या जागी माझ्या मुलीनं काहीही विचारलं तरी खाली न बघता उत्तर देणारं माणूस बसलेलं आहे, ती जागा म्हणजे घर. तिकडे अण्णा आणि आई आहेत. आक्का आहे, हेही मी आता त्यात धरते. इकडे मी आहे.

म्हणून मी मैत्रीचं मराठी सुटू देत नाही. लोकांना वाटतं ते हौसेपोटी आहे. पण मला एक दिवस तिला चंद्राचं सांगायचं आहे, आणि झिरा, पोहरा, खांद्यावर घेऊन निघालेला बाप, हे मला दुसऱ्या भाषेत सांगता येणार नाही. ती विचारेल त्या दिवशी मी हातातलं काम ठेवीन आणि तिला जवळ बसवीन. ती बारा वर्षांची असेल किंवा पंधरा, मला माहीत नाही. घर हेच असेल की दुसरं, हेही माहीत नाही. पण चंद्राचं नाव मी जिथं मोठ्यानं घेईन आणि माझी मुलगी ते ऐकेल, तिथं आमचं गाव असेल.